श्रद्धा देवावर, हिशेब राज्यकर्त्याचा

दापोलीहून समुद्राकडे उतरणारी वाट नारळी-पोफळीच्या बागांत शिरली की मुरुड गाव लागते. श्रीदुर्गादेवी हे या गावाचे ग्रामदैवत. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या गावातील देवळात आरती, कीर्तन आणि पुराण यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडत असे. शाळेतील सोमण मास्तर आपल्या एका विद्यार्थ्याला देवळात पाठवीत आणि तो मुलगा जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. राज्य इंग्रजांचे होते. मत देण्याचा अधिकार ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच नव्हता. तरीही राज्यकर्ता काय करतो आहे, हे जाणून घेण्याची जागा म्हणून देऊळच योग्य वाटले, यात एक मोठे सूत्र दडलेले आहे. ज्या सभामंडपात देवापुढे मस्तक नमवायचे, त्याच सभामंडपात राज्यकर्त्याच्या कारभाराकडे डोळे उघडे ठेवून पाहायचे. तो वाचणारा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

हेच धोंडोपंत पुढे महर्षी झाले, भारतरत्न झाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाची १०४ वर्षे पूर्ण करून त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी देश युद्धात होता. २० ऑक्टोबरला चीनने हिमालयाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी आक्रमण केले होते. तवांग हातचे गेले होते. २६ ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली गेली होती. देशाच्या संरक्षणमंत्र्यांना नुकतेच पद सोडावे लागले होते आणि पंतप्रधानांच्या शब्दावर विसंबलेला सामान्य माणूस प्रथमच विचारू लागला होता की, जे आपल्याला सांगितले गेले, ते खरे होते काय? शतकापूर्वी जन्मलेला मुरुडचा एक सुपुत्र जग सोडून जात असताना, ज्या प्रश्नासाठी देवळात वर्तमानपत्र वाचले जात असे, तोच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा होता.

तो प्रश्न आज जुना झाला, असे म्हणता येणार नाही. युद्धकाळात राष्ट्राचे सुकाणू ज्याच्या हाती असते, त्याच्या पाठीशी समाजाने उभे राहिलेच पाहिजे, याविषयी कोणत्याही देशभक्त नागरिकाच्या मनात किंतु असू नये. परंतु पाठीशी उभे राहणे म्हणजे डोळे मिटून घेणे काय? विशेषतः जो मतदार धर्मश्रद्ध आहे, ज्याच्या घरात देव्हारा आहे, जो पंढरीची वारी करतो, एकादशी पाळतो, त्याने युद्धकालीन नेत्याची पारख कोणत्या कसोटीवर करावी? नेत्याच्या श्रद्धेवर, त्याच्या शौर्याच्या भाषेवर, की त्याच्या शब्दाच्या खरेपणावर?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक आधुनिक उदाहरण अमेरिकेत घडले. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. सद्दाम हुसेनकडे सामूहिक संहाराची शस्त्रे आहेत, हे त्यासाठी दिलेले प्रमुख कारण. २००४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत आपण युद्धकालीन राष्ट्राध्यक्ष असल्याचे आवर्जून सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, मतदान महिन्यावर आले असताना, अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या तपास पथकाचा अहवाल आला. इराकमध्ये तशी शस्त्रे नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही नोव्हेंबरात बुश निवडून आले. नियमाने चर्चमध्ये जाणाऱ्या, बायबलवर अढळ निष्ठा असणाऱ्या गौरवर्णी इव्हॅन्जेलिकल मतदारांपैकी दर चारांमागे तिघांहून अधिकांनी त्यांना मत दिले.

त्या मतदारांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ११ सप्टेंबर २००१ चा घाव ताजा होता. सैनिक रणांगणावर असताना घोडे बदलू नयेत, हा व्यवहारी विचारही त्यामागे होता. कुटुंबसंस्था, गर्भपात अशा त्यांना जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या अनेक प्रश्नांवर बुश त्यांच्या बाजूचे होते. परंतु त्यांच्यातील अनेकांच्या विचारात एक सूक्ष्म घसरण झाली होती, ती लक्षात घेतली पाहिजे. जो मनुष्य रोज प्रार्थना करतो, तो असत्य बोलणार नाही; आणि जो असत्य बोलणार नाही, त्याने शस्त्रे आहेत म्हटले म्हणजे ती असणारच, अशी ही तर्काची साखळी होती. नेत्याची धार्मिकता हाच त्याच्या विधानाचा पुरावा मानला गेला. पुरावा नाही हे सिद्ध झाल्यावरही विश्वास हलला नाही, कारण तो मुळात पुराव्यावर उभाच नव्हता. पुढे युद्ध लांबले, शवपेट्या घरी येऊ लागल्या आणि २००६ च्या निवडणुकीत बुश यांच्या पक्षाने अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहे गमावली. हिशेब चुकला नाही, केवळ दोन वर्षे उशिरा मागितला गेला. त्या दोन वर्षांची किंमत सैनिकांनी आणि इराकी जनतेने मोजली.

हा दोष परक्यांचा म्हणून हात झटकता येणार नाही. मुरुडचाच इतिहास पाहावा. मार्च १८९३ मध्ये धोंडोपंतांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. ही वार्ता मुरुडला पोहोचल्यावर गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात राहू देणाऱ्या आप्तांनाही वाळीत टाकण्याचे ठरले. बहिष्कार घालणारी माणसे दुष्ट नव्हती. ती धर्मश्रद्ध होती, आपण धर्मरक्षणच करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु त्यांनी माणूस मोजला तो रूढीच्या मापाने. त्याचे सत्य, त्याचा त्याग, पै-पैचा चोख हिशेब ठेवणारी त्याची सचोटी ही मापे त्यांनी हातात घेतलीच नाहीत. पुढे हिंगण्याची संस्था उभी राहिली, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९५८ मध्ये देशाने त्यांना सर्वोच्च सन्मान दिला. आज मुरुड अभिमानाने स्वतःला महर्षी कर्व्यांचे गाव म्हणवून घेते.

१८९३ चे मुरुड आणि २००४ ची अमेरिका यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. एकाने खऱ्या माणसाला नाकारले, दुसरीने खोट्या ठरलेल्या शब्दाला स्वीकारले. पण चूक एकच आहे. दोघांनीही धर्माचे बाह्य चिन्ह पाहिले आणि धर्माचा गाभा दृष्टीआड केला. रूढी मोडली म्हणून सत्यनिष्ठ मनुष्य त्याज्य ठरला आणि प्रार्थना केली म्हणून असत्य विधान ग्राह्य ठरले. धर्मश्रद्ध समाजाला या दोन्ही बाजूंनी घसरण्याचा धोका सदैव असतो. मुरुडचे मोठेपण असे की, त्याने पुढे आपली चूक ओळखली आणि बदललेली दृष्टी लपवली नाही.

आता आपल्या देशाकडे, आणि विशेषतः महाराष्ट्राकडे वळावे. १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात एक गाजलेली लढत झाली. एका बाजूला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. चीनच्या संदर्भात संरक्षण खात्याने देशाला गाफील ठेवले, हा कृपलानींच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढला होता आणि त्याची माहिती संसदेला पुष्कळ उशिरा, १९५९ मध्ये मिळाली होती. हे सारे मतदारांसमोर मांडले गेले. परंतु पंडित नेहरूंनी आपल्या प्रतिष्ठेचे सारे वजन मेनन यांच्या पारड्यात टाकले. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांच्या फरकाने विजयी झाले. त्या मतदारांत मराठी माणूस फार मोठ्या संख्येने होता. त्याने मेनन यांना मत दिले, त्याहून अधिक ते नेहरूंच्या शब्दाला दिले होते. अवघ्या आठ महिन्यांत चीनने तो शब्द पोकळ ठरवला.

नेहरूंच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या जीवनातील अनेक वर्षे तुरुंगात गेली होती. प्रश्न त्यांच्या हेतूचा नव्हता, विश्वासार्हतेचा होता. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी श्रीलंकेला जाताना त्यांनी पत्रकारांना सांगितले की, चिन्यांना आपल्या भूमीतून बाहेर काढण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. त्या वेळी नामका चू नदीकाठी उभ्या असलेल्या जवानांपाशी पुरेशी थंडीची वस्त्रे नव्हती, तोफांचे पाठबळ नव्हते, दारूगोळा तुटपुंजा होता. वीर रसाचे वाक्य विमानतळावर उच्चारले गेले आणि त्याची वास्तवाशी गाठ डोंगरात पडली. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीने अखेरच्या गोळीपर्यंत झुंज दिली आणि शंभराहून अधिक वीर धारातीर्थी पडले. सैनिक कोठेही कमी पडला नाही. कमी पडला तो त्याला तेथे पाठवणाऱ्यांचा अंदाज आणि देशाला सांगितले गेलेले अर्धसत्य.

या काळोखात महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक घटना घडली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला पाचारण करण्यात आले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी घोषित केली त्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे उद्गार तेव्हा घरोघरी पोहोचले. पुढे नाशिकच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणीही उमेदवार उभा राहिला नाही आणि यशवंतराव लोकसभेवर बिनविरोध गेले. ज्या काँग्रेसवर विरोधी पक्ष तुटून पडत होते, त्याच पक्षाच्या संरक्षणमंत्र्याला त्यांनी वाट मोकळी करून दिली. कारण पदावर नव्याने आलेल्या माणसाला काम करू देणे, ही त्या क्षणीची राष्ट्रीय गरज होती.

मात्र विरोधकांची ही समजूतदार भूमिका म्हणजे मौन नव्हते, हेही लक्षात घ्यावे. युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन मुदतीआधी बोलावण्याची मागणी विरोधी सदस्यांनी केली. त्यांत राज्यसभेतील तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी अग्रभागी होते. ती मान्य झाली आणि ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. सीमेवर गोळ्या झडत असताना पंतप्रधान संसदेत टीका ऐकून घेत होते, ही नेहरूंच्या खात्यावरील जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजे. १९६३ च्या मे महिन्यात झालेल्या पोटनिवडणुकांत कृपलानी अमरोह्यातून, डॉ. राममनोहर लोहिया फर्रुखाबादहून आणि मिनू मसानी राजकोटहून विजयी झाले. त्याच वेळी जौनपूरमध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय मात्र पराभूत झाले. मतदाराने सरसकट शिक्षा केली नाही आणि सरसकट क्षमाही केली नाही. ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला, पण हिशेब मागण्याची प्रथा पडली.

तरीही एक हिशेब अपुरा राहिला. पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांची समिती नेमण्यात आली होती. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी तिच्या निष्कर्षांबाबत लोकसभेत निवेदन केले. डोंगरी युद्धाच्या प्रशिक्षणातील, साधनसामग्रीतील आणि नेतृत्वातील उणिवा त्यांनी सांगितल्या. परंतु मूळ अहवाल कोणत्याही सरकारने अधिकृतरीत्या प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने उघड केला, तेव्हा आपल्याच पराभवाची कहाणी आपल्याला परक्याकडून वाचावी लागली. आणि येथे आपपरभाव करून चालणार नाही. विरोधी पक्षात असताना भाजपने हा अहवाल खुला करण्याची मागणी लावून धरली होती. सत्तेवर आल्यानंतर मात्र २०१४ च्या जुलैमध्ये संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी तो प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही, असेच राज्यसभेत सांगितले. काल दुसऱ्याला विचारलेला प्रश्न आज आपल्यांना विचारण्याचे धैर्य समाजाजवळ नसेल, तर तो प्रश्न सत्यासाठी विचारला होता की सोयीसाठी, अशी शंका कोणी घेतली तर तिला उत्तर देता येणार नाही.

याउलट चित्र १९९९ चे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पराभूत झाले होते. सरकार काळजीवाहू असतानाच कारगिलच्या शिखरांवर पाकिस्तानी सैनिक ठाण मांडून बसल्याचे उघड झाले. फेब्रुवारीतच अटलजी बसने लाहोरला गेले होते. त्या विश्वासाचा घात झाला होता आणि गुप्तचर यंत्रणा झोपली होती काय, हा प्रश्न स्वाभाविक होता. ५२७ वीरांच्या बलिदानानंतर जुलैच्या अखेरीस शिखरे मुक्त झाली. विजय मिळाला होता, निवडणूक तोंडावर होती, जयघोषात सारे प्रश्न बुडवून टाकणे सहज शक्य होते. तरीही युद्ध संपल्यानंतर तीनच दिवसांनी, २९ जुलै रोजी, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समीक्षा समिती नेमली गेली. तिने गुप्तवार्ता संकलनातील आणि संरक्षण व्यवस्थेतील दोष दाखवून दिले. सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक असलेला भाग वगळून तो अहवाल २००० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे ठेवण्यात आला आणि ग्रंथरूपाने कोणालाही वाचण्यास उपलब्ध झाला. पराभवानंतरचा अहवाल तिजोरीत गेला आणि विजयानंतरचा अहवाल ग्रंथालयात आला. विश्वासार्हता म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या करता येणार नाही.

आणि मतदाराने काय केले? कारगिलच्या विजयाने भाजपला जागांची लयलूट करून दिली, असा एक समज रूढ आहे. वास्तव तसे नाही. १९९८ मध्ये भाजपला १८२ जागा होत्या आणि १९९९ मध्येही १८२ च राहिल्या. मित्रपक्षांच्या बळावर आघाडी तीनशेच्या घरात पोहोचली. महाराष्ट्रात तर लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकाच वेळी झाले. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या आणि त्याच मतदाराने विधानसभेत मात्र युतीला बहुमत नाकारले. सेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा मिळून युती १२५ वर थांबली आणि राज्यात काँग्रेस व राष्ट्रवादी यांचे सरकार आले. काँग्रेसमधील फुटीचा लाभ-तोटा, स्थानिक रुसवेफुगवे हे सारे घटक त्यात होतेच. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. हातात दोन मतपत्रिका असलेल्या मराठी मतदाराने सैनिकाच्या पराक्रमाचे श्रेय राज्याच्या कारभाराच्या खात्यावर जमा केले नाही. दोन वह्या त्याने वेगळ्या ठेवल्या. हे शहाणपण कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. ते घरचा जमाखर्च लिहिणाऱ्याचे शहाणपण होते.

कोकणाला हे शहाणपण विशेष शोभून दिसते, कारण युद्धाची किंमत कोकणाने पिढ्यानपिढ्या चुकवली आहे. दापोलीला एके काळी लष्करी छावणी होती, म्हणूनच तिला काप दापोली म्हणत. लष्करातून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे तेथे राहत. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ तेथे होते. मनीऑर्डरची वाट पाहणारे घर आणि तारेची धास्ती बाळगणारे घर एकच असे. अशा घरातील माउलीने देवापुढे लावलेली समई ही मुलाच्या सुखरूप परतण्यासाठी असते, कोणाच्या सिंहासनासाठी नव्हे. ज्या हातांनी मुलगा दिला, त्या हातांना त्याचा उपयोग कसा झाला हे विचारण्याचा अधिकार नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मुरुडपासून थोड्याच अंतरावर हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. त्याच्या तटांनी युद्धकालीन नेतृत्वाचा एक कटू धडा पाहिला आहे. १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांना धडा शिकवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. कमोडोर जेम्स याच्या जहाजांनी सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजीचे वर्तन उद्दाम होते, पेशव्यांची तक्रार निराधार नव्हती, हे खरे. परंतु घरच्या भांडणात परक्याच्या तोफा आणल्या गेल्या आणि थोरल्या महाराजांनी पायाभरणी केलेल्या आरमाराचा कणा मोडला. नानासाहेब धर्मनिष्ठ होते, दानशूर होते, पुण्याच्या वैभवाचे ते शिल्पकार होते. यांपैकी कोणताही गुण त्या एका निर्णयाची चूक भरून काढू शकला नाही. राज्यकर्त्याची पूजाअर्चा त्याच्या निर्णयाला योग्य ठरवीत नाही, ही गोष्ट त्या जळालेल्या गलबतांनी सांगितली. ती ऐकण्याची तयारी मात्र तेव्हाही फार थोड्यांची होती.

याच मातीतील दुसरे उदाहरण पाहावे. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींना २३ किल्ले द्यावे लागले, हाती १२ राहिले. एवढी मोठी माघार घेऊनही मावळ्यांचा विश्वास ढळला नाही. कारण काय गेले आणि काय राहिले, हे सर्वांना दिसत होते. पराभवाला विजयाचे नाव दिले गेले नव्हते. पाचच वर्षांत, १६७० मध्ये, गेलेले गड पुन्हा स्वराज्यात येऊ लागले. लोक पराभव सहन करतात, फसवणूक सहन करीत नाहीत. युद्धकालीन नेतृत्वाचे सारे मर्म या एका वाक्यात सामावले आहे.

धर्मश्रद्ध मतदाराला हे सांगण्यासाठी परदेशी राज्यशास्त्राची गरज नाही. महाभारत पुरेसे आहे. धर्मराज युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले, असे व्यासांनी वर्णन केले आहे. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी त्याने अश्वत्थामा मेल्याचे अर्धसत्य उच्चारले, आणि तत्क्षणी रथ जमिनीला टेकला. युद्ध धर्माचे होते, पक्ष न्यायाचा होता, विजयही पुढे पांडवांनाच मिळाला. पण व्यासांनी धर्मराजालाही सूट दिली नाही. आपल्या बाजूच्या राजाने, न्याय्य युद्धात, जिंकण्यासाठी बोललेल्या असत्याचीही नोंद ठेवणारी ही परंपरा आहे. जी संस्कृती धर्मराजाचा रथ भूमीला टेकलेला पाहू शकते, तिच्या वारसांनी आजच्या कोणत्याही नेत्याचा रथ अधांतरी चालतो असे मानण्याचे कारण नाही.

येथे दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे. गुप्तता आणि असत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. युद्ध चालू असताना सैन्य कोठे आहे, किती आहे, काय हानी झाली, हे सांगण्यास सरकारने नकार दिला तर ते कर्तव्यच होय. त्या वेळी पुराव्यांचा धोशा लावणारा मनुष्य, कळत असो वा नकळत, शत्रूचे काम सोपे करतो. मौन राखणाऱ्या नेत्यावर संशय घेणे अन्यायाचे आहे. परंतु मौन आणि बनाव यांत अंतर आहे. सांगता येत नाही, हे उत्तर प्रामाणिक असू शकते. जे घडले नाही ते घडले म्हणणे, हे कोणत्याही राष्ट्रहिताच्या पांघरुणाखाली प्रामाणिक ठरत नाही. आणि गुप्ततेला मुदत असते. तोफा थंडावल्यावर हिशेब द्यावाच लागतो.

अगदी अलीकडचा अनुभव याच दृष्टीने तपासावा. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराध माणसांची हत्या झाली. धर्म विचारून गोळ्या घातल्याचे वाचलेल्या आप्तांनी सांगितले. मृतांत महाराष्ट्रातील सहा जण होते. डोंबिवली, पुणे आणि पनवेल येथील घरे उजाड झाली. मेमध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’द्वारे भारताने उत्तर दिले आणि सारा देश सैन्याच्या पाठीशी उभा राहिला. त्यानंतर ३१ मे रोजी सिंगापूर येथे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी आपल्या विमानांचीही हानी झाल्याचे मान्य केले. किती, यापेक्षा ती का झाली आणि त्यातून काय सुधारले, हे अधिक महत्त्वाचे असल्याचे त्यांनी सांगितले. त्या कबुलीने सैन्याची प्रतिष्ठा उणावली नाही, उलट वाढली. जुलैच्या अखेरीस संसदेत या विषयावर चर्चाही झाली. मात्र सेनाधिकाऱ्याची ही कबुली देशवासीयांना परदेशातील मुलाखतीतून कळावी, त्याआधी संसदेतून कळू नये, ही रुखरुख सरकारच्या हितचिंतकांनीच बोलून दाखवायला हवी. विरोधकांनी विचारले की त्यास राजकारण म्हणता येते. आपल्यांनी विचारले की त्यास कर्तव्य म्हणावे लागते.

मध्यमवर्गीय घरांत आणि कार्यकर्त्यांच्या बैठकांत यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आपल्याच नेत्याला प्रश्न विचारले, तर त्याचे बळ घटते आणि विरोधकांचे फावते, असा तो आक्षेप. त्यात तथ्यांश आहे. प्रश्न कोठे, केव्हा आणि कोणत्या भाषेत विचारावा, याचा विवेक असलाच पाहिजे. पण इतिहासाची साक्ष पाहिली तर प्रश्नांनी नेतृत्व दुबळे झाल्याची उदाहरणे थोडी आणि प्रश्नांच्या अभावी नेतृत्व गाफील झाल्याची पुष्कळ आहेत. १९६२ च्या आधी नेहरूंच्या भोवती हो ला हो म्हणणाऱ्यांची दाटी नसती, त्यांच्याच पक्षातील निष्ठावंतांनी त्यांना वेळीच खडसावले असते, तर कदाचित नामका चूच्या काठावर सुती गणवेशात कुडकुडणारे जवान तसे उभे राहिले नसते. नेहरूंचे शत्रू त्यांना वाचवू शकत नव्हते. ते काम मित्रांचे होते आणि मित्रच गप्प राहिले.

कृतज्ञता आणि मत यांतही गल्लत होऊ नये. जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश मतदाराने महायुद्ध जिंकून देणाऱ्या विन्स्टन चर्चिल यांना सत्तेवरून दूर केले. त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी न होऊ देता त्याने शांतताकाळासाठी दुसरा कारभारी निवडला. हे कृतघ्नपणाचे लक्षण नव्हे, प्रौढपणाचे आहे. ज्याने राखले त्याला वंदन करावे, पण पुढचा कारभार कोणाकडे सोपवायचा, याचा निर्णय पुढची गरज पाहून करावा. १९९९ च्या मराठी मतदाराने त्याच्या परीने हेच केले होते.

तेव्हा धर्मश्रद्ध मतदाराने युद्धकालीन नेत्याकडे पाहताना फार गुंतागुंतीच्या कसोट्या लावण्याचे कारण नाही. युद्धापूर्वी त्याने देशाला जे सांगितले, ते नंतर खरे ठरले काय? अपयशाची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली, की ती सैनिकावर आणि हाताखालच्यांवर ढकलली? आणि धुरळा खाली बसल्यावर त्याने चौकशीचे दार उघडले, की कुलूप लावले? एवढे तपासावे. तो कोणत्या देवळात जातो, किती वेळ ध्यान करतो, कोणते वस्त्र परिधान करतो, हा त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न आहे. नेत्याच्या श्रद्धेचा आदर अवश्य करावा. पण तिला त्याच्या शब्दाचे तारण समजू नये.

श्रद्धा ही मोठी शक्ती आहे, आणि म्हणूनच ती कोठे ठेवावी याचे भान हवे. देव चुकत नाही, म्हणून त्याच्याकडे हिशेब मागायचा नसतो. राज्यकर्ता माणूस आहे, तो चुकतो, म्हणून त्याच्याकडे हिशेब मागायचाच असतो. राज्यकर्त्याला देवाच्या आसनावर बसवले की दोन हानी होतात. देवत्व उणावते आणि राज्यकर्ता बिघडतो.

मुरुडच्या देवळात कोवळ्या आवाजात वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या मुलाला पुढे त्याच गावाने वाळीत टाकले आणि पुढे त्याच गावाने डोक्यावर घेतले. या साऱ्या प्रवासात ग्रामदेवता दुर्गा जिथे होती तिथेच राहिली, आणि गावाची तिच्यावरील श्रद्धाही तशीच राहिली. बदलली ती गावाची दृष्टी, कारण सत्य समोर आल्यावर ते पाहण्याची तयारी गावाने दाखवली. प्रत्येक गावच्या सभामंडपात घंटेच्या नादाबरोबर वर्तमानपत्राच्या वाचनाचा तो आवाजही पुन्हा घुमला पाहिजे. आरती संपल्यावर हात जोडून घरी जाण्याआधी क्षणभर थांबून, आपल्या नावाने राज्य करणाऱ्यांनी आज काय केले, हे ऐकण्याची सवय ज्या समाजाला असते, त्या समाजाच्या सैनिकाला सुती गणवेशात हिमालयावर चढावे लागत नाही.